मुळांवरील किडी आणि उपकारक मृदाकवके

शेतजमिनीत नैसर्गिकरीत्या राहणारी आणि पिकांच्या मुळांचे सूत्रकृमी, हुमणी यांसारख्या किडींपासून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रक्षण करणारी कवके म्हणजे उपकारक मृदाकवके होत. यांपैकी काही कवके किडीच्या अंड्यांवर किंवा शरीरावर वाढून तिला थेट मारतात, काही सापळे रचून तिला पकडतात, तर काही मुळाच्या आत वस्ती करून वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी ठेवतात. एकच कवक यांतील दोन कामे एकाच वेळी करताना अनेकदा आढळते.

व्यवहारात कवकाला 'बुरशी' म्हणतात. हा शब्द मराठीत बहुधा नासाडीशी जोडला गेला आहे. भाकरीला बुरशी लागते, बियाणे बुरशीने जाते, दुकानात मिळते तेही 'बुरशीनाशक'. त्यामुळे बुरशी मुद्दाम शेतात घालावयाची ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. वस्तुतः निरोगी जमिनीतील कवकांपैकी फारच थोडी पिकांना रोग करतात. बहुतेक कवके काडीकचरा कुजवणारी, काही मुळांशी सहजीवन करणारी आणि काही इतर प्राण्यांवर जगणारी असतात.

मुळांवरील किडी

जमिनीखालील किडींत सूत्रकृमी हा सर्वांत व्यापक गट आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचे शास्त्रीय प्रजातिनाम मेलॉयडोगायनी असे आहे. माइल्स जोसेफ बर्कली या इंग्लिश कवकशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये काचगृहातील काकडीच्या मुळांवर अशा गाठी असल्याची नोंद केली. पुढे १८८७ मध्ये एमिल गोल्डी याने ब्राझीलमधील कॉफीच्या मुळांवरील सूत्रकृमींचा अभ्यास करून हे प्रजातिनाम दिले. महाराष्ट्रात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडीवर्गीय वेली, पपई, हळद आणि डाळिंब या पिकांना या सूत्रकृमींचा उपद्रव होतो. हरितगृहात एकच पीक वर्षानुवर्षे घेतले जाते आणि जमीन सतत ओली व उबदार राहते. म्हणून तेथे तो विशेष वाढतो.

या सूत्रकृमीचे पिल्लू सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीचे असते आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, पेशींच्या मधून वाट काढत मध्यभागाकडे जाते आणि तेथे आपल्या पोकळ सुईसारख्या मुखावयवाने काही पेशींत स्राव सोडते. त्या स्रावाने या पेशी फुगून अनेक केंद्रके असलेल्या महापेशी बनतात आणि वनस्पतीचे अन्न त्यांच्याकडे वाहू लागते. भोवतालच्या ऊतींची वाढ होऊन गाठ तयार होते. मादी पुढे जागची हलत नाही. ती फुगून नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत हे चक्र साधारणपणे महिन्याभरात पूर्ण होते. वरून पाहणाऱ्याला झाड पिवळे पडलेले, दुपारी माना टाकणारे, खताला न जुमानणारे दिसते. कारण मातीखाली असल्याने पुष्कळदा पाणी व खत वाढवले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते. संशय आल्यास एखादे झाड अलगद उपटून मुळे धुऊन पाहणे हा सोपा उपाय आहे. कडधान्यांच्या मुळांवरील उपकारक नत्रगाठी बाजूला चिकटलेल्या असतात व बोटाने सहज सुटतात, तर सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग असतो.

दुसरी महत्त्वाची कीड म्हणजे हुमणी. ही काही भुंगेऱ्यांची अळी असून ऊस, भुईमूग, ज्वारी इत्यादींची मुळे खाते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

रसायनांचा अनुभव

विसाव्या शतकाच्या मध्यापासून सूत्रकृमींसाठी जमिनीत विषारी धुरी देणारी रसायने वापरात आली. त्यांपैकी डीबीसीपी हे अनेक देशांत लोकप्रिय होते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या पुरुष कामगारांत वंध्यत्व आढळून आले आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचा वापर थांबवण्यात आला. मिथिल ब्रोमाइड हे धुरीचे दुसरे रसायन ओझोन थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. भारतात हुमणीसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले फोरेट हे अतिविषारी कीटकनाशक २०१८ च्या केंद्रीय आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. जैविक उपायांकडे लक्ष वळण्यामागे हा सगळा इतिहास आहे. निव्वळ निसर्गप्रेमातून हा बदल घडलेला नाही.

इंग्लंडमधील धान्यशेतांचे उदाहरण

जमिनीतील कवके आपणहून किडीला किती आवरू शकतात, याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अनेक शेतांत गहू, सातू आणि ओट ही पिके वर्षामागून वर्षे घेतली जाऊ लागली. या पिकांवर हेटेरोडेरा अव्हिनी हा पुटी करणारा सूत्रकृमी जगतो. त्याची मादी मेल्यावर तिचेच शरीर कडक होऊन अंड्यांचे कवच, म्हणजे पुटी, बनते. सतत आवडते अन्न मिळत असल्याने त्याची संख्या वाढतच जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती काही वर्षे वाढली आणि नंतर पीक तेच असतानाही घटून कमी पातळीवर स्थिरावली.

यामागचे कारण एका उलट्या अनुभवातून उकलले. काही प्रायोगिक वाफ्यांवर जमिनीचे निर्जंतुकीकरण करण्यासाठी फॉर्मॅलिन ओतले होते. तेथे सूत्रकृमी कमी होण्याऐवजी वाढले. फॉर्मॅलिनने सूत्रकृमींवर पुरेसा परिणाम न होता त्यांचे शत्रू मात्र मेले होते. रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातील ब्रायन केरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात व त्यानंतर हे शत्रू कोणते, याचा शोध घेतला. त्यांत दोन प्रमुख निघाले. पहिला निमॅटोफ्थोरा गायनोफिला. त्याचे बीजाणू पाण्यात पोहणारे असल्याने ओल्या हंगामात तो माद्यांना आठवड्याच्या आतच संपवतो. काटेकोर वर्गीकरणात तो खऱ्या कवकांत न बसता कवकसदृश जलबुरशींच्या गटात येतो. दुसरे पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया हे खरे कवक. ते माद्यांवर आणि अंड्यांवर वाढते. अशा जमिनींना 'दमनकारी जमिनी' म्हणतात.

या उदाहरणाचा एक अप्रिय भागही आहे. शत्रूंची संख्या पुरेशी वाढेपर्यंतची काही वर्षे शेतकऱ्याला नुकसान सोसावे लागले. निसर्गाचा समतोल साधतो, पण तो शेतकऱ्याच्या हंगामाचे वेळापत्रक पाहून साधत नाही. बाहेरून कवक घालण्याचे सगळे प्रयत्न हा मधला काळ आखूड करण्यासाठी आहेत.

अंड्यांवर वाढणारी कवके

सूत्रकृमीच्या आयुष्यात अंडे ही सर्वांत हतबल अवस्था आहे. पिल्लू हालचाल करते, मादी मुळाच्या आड असते, पण अंडी एका जागी पुंजक्याने पडून असतात. अंड्याच्या कवचात प्रथिने आणि कायटिन हे घटक असतात. प्रौढ सूत्रकृमीची त्वचा मात्र मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची असते. अंडी खाणारी कवके प्रथिने व कायटिन विरघळवणारी विकरे स्रवतात, कवचाला भोक पाडतात आणि आतील गर्भ शोषून घेतात.

पर्प्युरिओसिलियम लायलॅसिनम हे यांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे कवक. त्याचे वर्णन १९१० मध्येच झाले होते, परंतु सूत्रकृमींशी असलेला त्याचा संबंध १९७९ मध्ये पेरू देशातील बटाट्याच्या मुळांवर पार्विझ जताला व सहकाऱ्यांनी दाखवून दिला. पूर्वी त्याला पेसिलोमायसिस लायलॅसिनस म्हणत. २०११ मध्ये नाव बदलले, तरी जुन्या नावानेही ते ओळखले जाते. त्याचे बीजाणू जांभळट रंगाचे असल्याने हे नाव पडले.

पोकोनियाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते मुळाच्या पृष्ठभागावर राहू शकते आणि जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपाने जमिनीत तग धरते. मात्र रॉथॅमस्टेड येथील अभ्यासातून त्याची एक मर्यादा पुढे आली. टोमॅटोसारख्या सूत्रकृमीला फार बळी पडणाऱ्या पिकात गाठी एवढ्या मोठ्या होतात की अंड्यांचे पुंजके गाठीच्या आतच राहतात, तर कवक बाहेर मुळाच्या पृष्ठभागावर असते. दोघांची गाठ पडत नाही. ज्या पिकात गाठी लहान राहतात तेथे अंडी उघड्यावर येतात आणि कवकाच्या तावडीत सापडतात. म्हणून हे कवक पिकांच्या फेरपालटीबरोबर वापरल्यास उपयोगी पडते. सूत्रकृमींचे प्रमाण अतोनात वाढल्यावर शेवटचा उपाय म्हणून त्याच्याकडे वळल्यास निराशा पदरी येते.

ट्रायकोडर्मा हे भारतीय शेतकऱ्याला सर्वाधिक परिचित असलेले कवक मूलतः रोगकारक कवकांचा शत्रू म्हणून प्रसिद्ध आहे. रिचर्ड वाइंडलिंग याने १९३२ मध्ये ते इतर कवकांवर परजीवी असल्याचे दाखवले. त्याचे काही वाण सूत्रकृमींच्या अंड्यांवरही वाढतात. त्याचा अधिक मोठा उपयोग वनस्पतीला सज्ज करण्यात आहे.

सापळे रचणारी कवके

कवकांच्या जगातील बहुधा सर्वांत नाट्यमय दृश्य या गटात पाहायला मिळते. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा या कवकाचे वर्णन १८५० मध्ये झाले होते. १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म झोप्फ याने त्याच्या तंतूंच्या फासांत जिवंत सूत्रकृमी अडकताना पाहिले. हे कवक चिकट जाळे विणते. त्याच्या नात्यातील काही कवके तीन पेशींचे कडे तयार करतात. सूत्रकृमी कड्यातून जाऊ लागला की स्पर्शाने तिन्ही पेशी सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात फुगतात आणि त्याला आवळतात. भक्ष्य आसपास नसेल तर बहुतेक कवके सापळे करण्याचा खर्च करीत नाहीत. सूत्रकृमी परस्परांत संदेशासाठी जी द्रव्ये सोडतात, तीच ओळखून हे कवक सापळे उभारते, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले.

हवाई बेटांवर एम. बी. लिनफर्ड यांनी १९३७ च्या सुमारास अननसाचा चिरलेला पाला जमिनीत गाडून पाहिला. पाला कुजताना निरुपद्रवी सूत्रकृमी वाढतात, त्यांच्यावर सापळेवाली कवके पोसली जातात आणि ती मग गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही पकडतात, असा तर्क त्यांनी मांडला. सेंद्रिय खताने सूत्रकृमी कमी होतात ही गोष्ट पुढेही वारंवार दिसली. परंतु इंग्लंडमधील आर. सी. कूक यांच्या १९६० च्या दशकातील अभ्यासातून सूत्रकृमींची संख्या आणि सापळ्यांची संख्या यांचा संबंध इतका सरळ नसल्याचे आढळले. ही कवके मृत पदार्थांवरही जगू शकत असल्याने शिकार करण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली थक्क करणारी ही कवके शेतात भरवशाची ठरलेली नाहीत.

मायकोरायझा

मायकोरायझा या शब्दाचा ग्रीक भाषेतील अर्थ 'कवक-मूळ' असा आहे. प्रशियात ट्रफल या भूमिगत अळंबीची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे आले. लागवड साधली नाही, पण झाडांची मुळे आणि कवक यांचे सहजीवन त्यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याला हे नाव दिले. पिकांत आढळणारा प्रकार आर्बस्क्युलर मायकोरायझा होय. यातील कवक मुळाच्या पेशींत झाडासारख्या फांद्या फुटलेली रचना तयार करते आणि तेथे देवघेव चालते. कवक स्फुरद, जस्त व पाणी देते, वनस्पती साखर व स्निग्ध द्रव्ये देते. स्कॉटलंडमधील र्‍हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत वनस्पतींतही अशा रचना आढळल्या आहेत. कोबी, फुलकोबी, मोहरी आणि पालक, बीट या कुळांतील पिके मात्र हे सहजीवन करीत नाहीत.

या कवकांचा सूत्रकृमींवरील परिणाम भारतात लवकर तपासला गेला. बंगळूरु येथील डी. जे. बाग्यराज, ए. मंजुनाथ आणि डी. डी. आर. रेड्डी यांनी टोमॅटोतील गाठी करणारे सूत्रकृमी व मायकोरायझा यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. मायकोरायझा असलेले झाड अधिक अन्न व पाणी मिळवत असल्याने तेवढेच सूत्रकृमी असूनही चांगले वाढू शकते. ही सहनशीलता झाली. मुळात शिरणाऱ्या किंवा तेथे वाढणाऱ्या सूत्रकृमींची संख्याच घटली, तर तो प्रतिकार होय. केवळ झाडाची उंची मोजणाऱ्या प्रयोगांत या दोहोंची गल्लत होते. सहनशील झाडाखाली सूत्रकृमी सुखाने वाढत राहतात आणि पुढच्या पिकाला अधिक संख्येने भेटतात.

प्रतिकार खरोखर घडतो का आणि तो झाडातून येतो की कवक केवळ जागा अडवते, हे ठरवण्यासाठी विभक्त मुळांचा प्रयोग करतात. एकाच रोपाची मुळे दोन कुंड्यांत वाटून लावतात. एका कुंडीत कवक आणि दुसऱ्या कुंडीत सूत्रकृमी सोडतात. दोघांची भेट होण्याचा मार्ग नसतो. बेल्जियममधील लूव्हेन येथील संशोधकांनी २००८ मध्ये केळीवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. कवक व सूत्रकृमी वेगवेगळ्या कुंड्यांत असूनही केळीच्या मुळांतील दोन्ही जातींच्या सूत्रकृमींची संख्या निम्म्याहून अधिक घटली. संरक्षणाचा संदेश झाडाच्या शरीरातून एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे गेला होता.

वनस्पतीची सज्जता

हा संदेश कसा जातो, हे अंशतः उलगडले आहे. कवक मुळात शिरताना वनस्पती आरंभी त्याला परकाच समजते आणि संरक्षणाची तयारी करते. सहजीवन जुळल्यावर ती तयारी मावळते, पण पूर्ण पुसली जात नाही. पूर्वी गावचा जागल्या रात्री एक हाळी देऊन जाई आणि झोपलेले घर सावध होई, तसे काहीसे येथे घडते. शस्त्रे बाहेर काढलेली नसतात, पण हाताशी ठेवलेली असतात. या अवस्थेत खरा हल्ला झाल्यास प्रतिक्रिया लवकर आणि जोमाने होते. सतत शस्त्र परजून राहण्यापेक्षा वनस्पतीला हे स्वस्त पडते.

सॅलिसिलिक आम्ल आणि जस्मोनिक आम्ल ही यातील प्रमुख संप्रेरके होत. टोमॅटोवरील ट्रायकोडर्माच्या एका अभ्यासात, २०१७ मध्ये, हल्ल्याच्या टप्प्यानुसार संरक्षण बदलत असल्याचे दिसले. सूत्रकृमी मुळात शिरताना सॅलिसिलिक आम्लाशी निगडित संरक्षण वाढलेले होते. त्याने शिरकाव कमी झाला. सूत्रकृमी अन्न घेऊ लागल्यावर जस्मोनिक आम्लाशी निगडित संरक्षण पुढे आले आणि गाठींची व अंड्यांची वाढ मंदावली.

हुमणी आणि मेटारायझियम

महाराष्ट्रात हुमणीच्या अनेक जाती असून होलोट्रिकिया सेराटा ही त्यांतील प्रमुख आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर जमतात. फांद्या हलवून ते पाडणे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणे हा जुना सामुदायिक उपाय आजही परिणामकारक आहे, कारण या किडीची वर्षातून एकच पिढी होते. माद्या जमिनीत अंडी घालतात. लहान अळ्या प्रथम सेंद्रिय पदार्थ व कोवळी मुळे खातात. तिसऱ्या अवस्थेतील मोठ्या अळ्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात उसाची बेटे पोखरून सुकवतात.

या अळीवर मेटारायझियम वंशाची कवके वाढतात. त्यांचा शोध थेट शेतीच्या गरजेतून लागला. १८७९ मध्ये ओडेसा परिसरात गव्हावरील भुंगेऱ्यांचा अभ्यास करताना इल्या मेचनिकॉव्ह यांना हे कवक सापडले. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉव्ह ते हेच. त्यांनी हे कवक वाढवून किडीवर वापरण्याची कल्पना मांडली. कवकाचा बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटतो, रुजतो आणि विकरे व दाब यांच्या साहाय्याने आत घुसतो. म्हणजे अळीने ते खाण्याची गरज नसते. अळी सुस्त होते, मरते, कडक बनते, तिच्यावर प्रथम पांढरी आणि मग हिरवी बुरशी येते. हे मरण काही दिवसांनी, मोठ्या अळीत काही आठवड्यांनी येते. रसायनाची सवय असलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या दिसत नाहीत आणि औषध निरुपयोगी ठरवले जाते.

लहान अळ्या अधिक सहज बळी पडतात. म्हणून हे कवक पावसाळ्याच्या आरंभी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना आणि मुळांजवळ देणे आवश्यक असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्येही उसाच्या हुमणीसाठी तांदळावर वाढवलेले मेटारायझियम वापरले गेले आहे. एका जातीच्या अळीवर प्रभावी असलेला वाण दुसऱ्या जातीवर निष्प्रभ ठरू शकतो. नदीकाठच्या जमिनीतील हुमणी आणि माळावरची हुमणी एकच समजण्याची चूक येथे महागात पडते.

मेटारायझियम मुळांभोवती आणि मुळांतही राहू शकते, हे अलीकडे लक्षात आले. कॅनडातील मायकेल बिडोच्का व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की हे कवक मारलेल्या किटकातील नत्र घेवड्यासारख्या वनस्पतीच्या मुळांपर्यंत पोहोचवते. बदल्यात त्याला वनस्पतीकडून कर्ब मिळतो, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले. मुळे खाणाऱ्या वर्गातील किडीचेच अशा रीतीने मुळांना खत होते.

मर्यादा

प्रयोगशाळेतील यश शेतात तितक्याच प्रमाणात मिळत नाही. जमिनीतील इतर सूक्ष्मजीव नवागत बीजाणूंना रुजू देत नाहीत. कोरडी माती, कडक ऊन आणि सेंद्रिय पदार्थांचा अभाव यांनी ते मरतात. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक दिल्यास ट्रायकोडर्माही नष्ट होतो. त्यामुळे एकाच आठवड्यात दोन्ही देणे म्हणजे पैसे दोनदा वाया घालवणे होय. स्फुरदयुक्त खतांच्या भारी मात्रा दिल्यास वनस्पतीला मायकोरायझाची गरज उरत नाही आणि ती मुळांतून कवकाला बोलावणारी स्ट्रिगोलॅक्टोन ही द्रव्ये कमी सोडते.

मायकोरायझाला मुळात वस्ती करण्यास काही आठवडे लागतात. म्हणून तो रोपवाटिकेत, बी पेरतानाच दिल्यास उपयोग होतो. गाठी दिसू लागल्यावर दिल्यास फारसा फरक पडत नाही. ज्या जमिनीत स्थानिक कवके मुबलक आहेत तेथे विकतच्या पुडीने भर पडेलच असे नाही. उलट वारंवार नांगरट, दीर्घ पडीक काळ किंवा लागोपाठ कोबीवर्गीय पिके यांनी स्थानिक कवके क्षीण झाली असल्यास तिचा लाभ अधिक दिसतो.

उत्पादनाचा दर्जा हा भारतातील मोठा प्रश्न आहे. कवकाची पुडी ही जिवंत वस्तू असून उन्हात तापलेल्या दुकानात ठेवल्यास ती निव्वळ भुकटी उरते. कायद्याच्या दृष्टीने ट्रायकोडर्मा, मेटारायझियम इत्यादींची नोंदणी कीटकनाशक कायदा, १९६८ खाली होते, तर मायकोरायझा खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये जैविक खतांत मोडतो. वेष्टनावरील नोंदणी क्रमांक, वाणाचे नाव, बीजाणूंची संख्या आणि अंतिम मुदत पाहूनच खरेदी करणे इष्ट असते.

सुरक्षितता

ही कवके रसायनांच्या तुलनेत सौम्य असली तरी सर्वथा निर्धोक नाहीत. पर्प्युरिओसिलियम लायलॅसिनममुळे माणसात, विशेषतः प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत आणि डोळ्यांच्या बुबुळावर, संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कोरड्या भुकटीतील बीजाणू श्वासावाटे जाऊन काही व्यक्तींना ॲलर्जी होऊ शकते. भुकटी मिसळताना नाकातोंडाला फडके बांधावे, डोळे सांभाळावेत आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत. अवयवरोपण झालेल्या किंवा कर्करोगावर उपचार घेत असलेल्या व्यक्तींनी हे काम स्वतः न केलेले बरे.